चढावरचं टायमिंग

२ मार्च

लेकीने नोकरी सोडली. आधी सोडली, मग सांगितलं. हा गुण आईचा. हीसुद्धा भाजी शिजत आली की मला विचारते, आज कुठली करू.

आता लेक आणि तिची मैत्रीण मिळून रोपं विकणार. मैत्रिणीच्या परसात हजारो पिशव्या भरून ठेवल्यात म्हणे. डोंगरापलीकडे एक नवी शाळा झाली आहे, तिच्या आवारासाठी पहिली मोठी खेप तीस तारखेला पोचवायची आहे. भाड्याचा टेम्पोवाला रोपं विटांसारखी रचतो, म्हणून आपली स्वतःची गाडी हवी. म्हणजे बगळी हवी.

बगळी म्हणजे आमची पिकअप. एके काळी पांढरीशुभ्र होती, आता कुणी नुसती धुतली तरी पुण्य लागेल. गॅरेज बंद केल्यापासून मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. लेकीने विचारलं, "बाबा, एवढा चढ चढेल ना ती?" उभा जन्म इंजिनं उघडण्यात गेला आणि पोटची पोर विचारते, चढेल ना. मी म्हटलं, चढेल, वर तुझी रोपं गाणी म्हणत जातील. तिच्या ऑफिसातून मिळालेली ही कोरी डायरी तिने मला दिली. म्हणाली, कामाची नोंद ठेवा. बघू किती दिवस जमतं ते.

५ मार्च

कार्बोरेटर धुतला, नवे प्लग, नवे पॉइंट, नवं ऑइल. खूप आढेवेढे घेऊन बगळी सुरू झाली. हिने धूर पाहून खिडक्या लावून घेतल्या.

मग टायमिंग. नव्या गाड्यांना ते संगणक बघतो, या गाडीला माणूस लागतो. सिलिंडरमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी, एवढाच प्रश्न. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर पोचायच्या जरासं आधी पडली पाहिजे. उशिरा पडली तर गाडी ढिम्म. फार लवकर पडली तर स्फोट वर येणाऱ्या दट्ट्याच्या टाळक्यात बसतो, आणि चढावर आतून टिणटिण ऐकू येते, पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखी. ती टिणटिण चालू ठेवून गाडी दामटली की दट्ट्याला भोक पडतं आणि इंजिन संपतं.

आमच्या उस्तादांची रीत साधी होती. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करायचा, गाडी चढावर घ्यायची, टिणटिण ऐकू येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवत जायचं, म्हणजे ठिणगी लवकर लवकर पडत जाते. ऐकू आली की केसभर मागे, आणि बोल्ट आवळायचा. टायमिंगचा दिवा म्हणून एक यंत्र मिळतं, त्याच्या उजेडात पुलीवरची खूण बघून टायमिंग लावतात. उस्ताद त्याला आंधळ्याची काठी म्हणायचे. मीही तो कधी घेतला नाही.

पाण्याच्या टाकीच्या चढावर नेली. टिणटिण आलीच नाही. पुढे घेतला, नाही. आणखी पुढे, तरी नाही. इंजिन नुसतं लोणी. नव्या पॉइंटांची करामत असावी. शेवटी अंदाजाने थांबलो आणि बोल्ट आवळला.

७ मार्च

बसल्या बसल्या लक्षात आलं, यंदा सकाळी पाखरं येतच नाहीत. झाडं तोडली की दुसरं काय होणार.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद पडली आहे. सेल बदलला. काटे फिरतात, आवाज नाही. हल्ली सगळ्या वस्तूंची बनावट अशीच. माणसांचीही. दुकानदार बोलतो तो काउंटरशी बोलतो, बँकेतली मुलगी बोलते ती काचेशी. कुणाला तोंड उघडायचे कष्ट नकोत.

हिला मात्र नवीन सवय लागली आहे. काही सांगायचं असलं की समोर येऊन उभी राहते, माझ्या कोपराला हात लावते, तोंडाकडे बघते आणि मगच बोलते. या वयात लाडात आली आहे. मला बरं वाटतं, म्हणून विषय काढला नाही.

९ मार्च

लेकीला चालवायला दिली. मी शेजारी. टाकीच्या चढावर मध्येच तिने पाय काढला.

"बाबा, आत काहीतरी वाजतंय."

"काही वाजत नाही. तू चालव."

"अहो, वाजतंय. टिण टिण करतंय काहीतरी."

"ते टायमिंग चुकलं की वाजतं. टायमिंग मी लावलंय."

तिने पुन्हा पाय दाबला. पहिल्या खेपेची धास्ती आहे पोरीला. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस. पण वर पोचेपर्यंत पाण्याच्या तापमानाचा काटा लालात गेला हे मात्र खरं. बंद करून परत स्टार्टर मारला तर तो अडखळला, उलटा ढकलल्यासारखा. रेडिएटर चोंदला असणार, आणि स्टार्टरचे ब्रश.

१३ मार्च

रेडिएटर साफ केला. थर्मोस्टॅट बदलला. स्टार्टरचे ब्रश बदलले. काटा तरीही लालात जातो, आणि गरम झाली की स्टार्टर तसाच अडखळतो.

पेंटर आला होता. हा माझा जुना सोबती, एकाच शेडमध्ये मी इंजिनं करायचो आणि तो गाड्यांना रंग मारायचा. त्याला चढावर फिरवून आणला. दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं त्याने.

"अरे, कण्हतेय ही," म्हणाला.

याला निळ्यातले सतरा निळे कळतात, इंजिनातलं ओ का ठो कळत नाही. चहा पाजून वाटेला लावला. पण नंतर काम करायला उत्साह राहिला नाही.

१६ मार्च

आज प्लग काढून पाहिले. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक करडे ठिपके. बोटाने पुसले, निघाले नाहीत. भिंग आणून पाहिले. ते ठिपके दट्ट्याच्या धातूचे आहेत. दट्ट्या आतून वितळायला लागला आहे. म्हणजे ठिणगी फार लवकर पडते आहे, म्हणजे टायमिंग चुकलं आहे. अशीच लेकीने डोंगरावर नेली असती तर अर्ध्या चढावर इंजिन संपलं असतं, मागे भरलेली रोपं, वर ऊन, आणि उतारावर उलटी घसरणारी गाडी.

पेंटरकडे त्याच्या मेहुण्याचा टायमिंगचा दिवा पडून होता. मागून आणला. हसला नाही, मुकाट्याने दिला. त्याचंच जास्त लागलं.

दिवा धरला. पुलीवरची खूण जिथे हवी तिथून कुठच्या कुठे पुढे गेलेली. मी म्हटलं, दिवा बिघडला आहे. मग म्हटलं, पुलीचं कडं सरकलं असेल, जुन्या गाड्यांत सरकतं. प्लगच्या भोकात लांब स्क्रू ड्रायव्हर सोडून दट्ट्या नेमका वर कधी येतो ते हाताने पाहिलं. खूण जिथल्या तिथे होती. दिवाही ठीक. नाचता येईना, अंगण वाकडं, हे मी किती जणांना ऐकवलं आहे.

टायमिंग मी लावलं. चुकलं ते माझ्याकडून. आणि लावताना मला ते अगदी बरोबर वाटलं होतं.

१७ मार्च

काल लिहिलं नाही ते आज लिहितो, कारण कुणाजवळ बोलायची हिंमत नाही.

दादाचं असंच सुरू झालं होतं. माझा थोरला भाऊ, शिवणकाम करायचा. कापडाला हात लावला की माप समजायचं. एक दिवस एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. दाखवल्यावर म्हणाला, बरोबर तर आहेत. आम्ही हसलो. पुढे रस्ता विसरला, मग नावं. आता खिडकीशी बसून असतो. मी गेलो की ओठ हलवतो, आवाज काढत नाही. वहिनी म्हणतात, "बोलतात की हो, भावोजी." माझी समजूत काढतात बिचाऱ्या.

त्यालाही बरोबर वाटत होतं. मलाही वाटलं. आमच्या घराण्यातच असेल तर आता माझी पाळी.

सकाळपासून बगळीचा प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला. चाकांचे नट, ब्रेकची नळी, स्टिअरिंगचे सांधे. सगळे घट्ट होते. पण ते घट्ट आहेत हे सांगणाराही मीच. माझ्या हाताखालची गाडी लेकीच्या हाती द्यायची की नाही, हे मला ठरवता येत नाही. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागेल.

१९ मार्च

स्वतःची परीक्षा घेतो आहे. सिलिंडरांचा क्रम, एक तीन चार दोन. पाठ. पहिल्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा नंबर, पाठ. पण दादालाही जुनं सगळं पाठ होतं, सकाळचं काय खाल्लं तेवढं आठवायचं नाही. मी सकाळचं आठवून पाहिलं, आठवलं. मग वाटलं, हे आठवलं असं मला वाटतंय.

शेवटी स्वयंपाकघरात जाऊन हिला सांगितलं. सगळं. प्लग, दिवा, दादा. हिने गॅस बंद केला. मग ओट्याकडे तोंड फिरवून काहीतरी बोलली. खांदे हलत होते. रडत असावी. मला ते बघवेना, बाहेर आलो.

थोड्या वेळाने आली, कोपराला हात लावला आणि म्हणाली, "परवा डॉक्टरकडे जायचं. मी येतेय बरोबर."

गाडीच्या चाव्या मी खिशात ठेवल्या आहेत.

२१ मार्च

पहिल्यापासून लिहितो, काही सुटायला नको.

डॉक्टर तरुण पोर. सर्दी झाली होती म्हणून तोंडाला मास्क. हिने आधीच तिच्याशी काहीतरी कुजबुज केली. मी तारीख पाठ करून गेलो होतो, ती विचारलीच नाही. तिने माझ्याकडे पाहून मान डोलावली, मीही डोलावली. मग ती कागदावर काही लिहीत बसली. मग एकदम मोठ्याने म्हणाली, "सांगा आता ते तीन शब्द."

"कसले शब्द?"

तिने शब्द दिले होते आणि ते माझ्या डोक्यातून साफ पुसले गेले होते. कधी दिले तेसुद्धा आठवेना. मी हिच्याकडे पाहिलं. ही डॉक्टरकडे बघत होती, आणि दोघींच्या डोळ्यांत मला न कळणारं काहीतरी चाललं होतं. मला वाटलं, संपलं.

डॉक्टरने खुर्ची मागे घेतली, मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "काका, पुन्हा देते. माझ्याकडे बघा. खुर्ची. लिंबू. पूल."

मग तिने शंभरातून सात सात वजा करायला लावले. घड्याळ काढायला लावलं. बोलत बोलत चपलांचे भाव विचारले. आणि मध्येच, "शब्द?"

"खुर्ची, लिंबू, पूल. आणि तुमच्या घड्याळातला लहान काटा जरा लांब झाला, तो माझा हात हलला म्हणून."

ती हसली. उठून माझ्या मागे गेली. मी वाट बघत बसलो. परत पुढे आली आणि म्हणाली, "मागे उभी राहून मी तुम्हाला चार प्रश्न विचारले. एकही ऐकू आला नाही ना?"

एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी वाजवून तिने कानाशी धरलं. ते थरथरताना दिसत होतं, आवाज नव्हता. मग म्हणाली, "डोकं माझ्यापेक्षा बरं आहे तुमचं. कान गेलेत. बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. गॅरेजवाल्यांचं असंच होतं."

बारीक, उंच. टिणटिण. मी तिथेच टेबलावर हात आपटला. इंजिनाची घरघर मला ऐकू येत होती, म्हणून सगळंच येतंय असं मी धरून चाललो होतो. उस्तादांच्या रीतीत एकच गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे ऐकणारा.

बाहेर पडल्यावर हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"वर्ष झालं."

"मग सांगायचं नाही?"

"तीनदा सांगितलं. ऐकलं नाहीत."

"आणि परवा ओट्याशी रडत होतीस ते?"

"हसत होते. म्हटलं, कानाचं दुखणं डोक्यावर घेऊन बसलेत. तुम्ही निघून गेलात. मग म्हटलं, आता डॉक्टरच्याच तोंडून ऐकू दे, माझं तरी कुठे ऐकणार."

मला रस्त्यातच हसू फुटलं ते थांबेना. लोक बघत होते. बघू दे. बहिरा झालो आहे, नुसता बहिरा. एवढी चांगली बातमी मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. ती आधी माझ्या गळ्यात पडली आणि मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी वाजत होतं." मी म्हटलं, वाजत होतं. पेंटरला पेढ्याऐवजी त्याचा दिवा परत नेऊन देणार होतो, पण तो आणखी लागणार आहे.

२५ मार्च

कानाच्या तज्ज्ञाने यंत्रं दिली, वापरून बघा म्हणून. जगात एवढा कचरा वाजतो हे विसरलो होतो. वर्तमानपत्र कडकडतं, माझ्याच चपला माझा पाठलाग करतात. झाडं तोडलेली नाहीत, पाखरं पहाटेपासून उच्छाद मांडतात. भिंतीवरचं घड्याळ हिला म्हटलं दुसऱ्या खोलीत ने.

संध्याकाळी दादाकडे गेलो. तो खिडकीशी. मी समोर बसलो. त्याने माझ्या छातीकडे पाहिलं, ओठ हलले आणि आवाज आला. बारीक, कापरा, पण स्वच्छ.

"दुसरं काज सैल झालंय. काढून दे, घालतो टाका."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात की दर वेळी काहीतरी सांगतात. कधी कॉलर, कधी बटण. तुम्ही नुसती मान डोलावता."

तो बोलत होता. माझं नाव त्याला येत नसेल, पण माझा शर्ट त्याला दिसत होता. आपलं डोकं शाबूत आहे याचा आनंद खिशात घेऊन मी त्याच्यासमोर बसलो होतो, त्याची फार लाज वाटली. शर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्याने काज बोटांत धरून ठेवलं, टाका घातला नाही. आम्ही बराच वेळ बसलो. घरी बनियनवरच आलो.

२७ मार्च

सिलिंडरांचा दाब मोजला. चारही सारखे. ठिपके उडाले, पण दट्ट्याला भोक पडलेलं नाही. थोडक्यात वाचली बगळी. मी शेडमध्ये पत्र्याच्या डब्यावर बसून घेतलं.

नवे प्लग बसवले, दिवा लावून टायमिंग खुणेवर आणलं. मग चढावर. यंत्रं घालून ऐकायचा प्रयत्न केला, पण बॉनेटखालचं सगळंच एकदम भांडायला लागतं, त्यातून टिणटिण निवडता येईना. यंत्रं काढून खिशात ठेवली आणि लेकीला म्हटलं, "आज कान तू."

मी मुद्दाम थोडं पुढे नेलं. चढावर तिने बोट वर केलं. खाली उतरून थोडं मागे घेतलं. पुन्हा चढ. "आहे का?" "थोडं आहे." पुन्हा खाली. "आता?" तिने मान तिरकी करून ऐकलं. "नाही. आता नाही." बोल्ट कसा ढिला करायचा, फिरवायचा किती, कुठल्या बाजूला, सगळं तिच्या हातून करून घेतलं. मला दुसऱ्याच्या कानावर विसंबणं कधी पटलं नाही, आजही पटलं असं नाही. पण मान तिरकी करायची तिची ढब चांगली आहे.

चाव्या तिला दिल्या.

३० मार्च

सकाळी गेल्या दोघी. रोपांवर ओली पोती. मागून नुसती हिरवी झालर हलताना दिसली.

दुपारभर काही सुचलं नाही. फोन समोर ठेवून बसलो. कानात खाज सुटते म्हणून यंत्रं काढून ठेवली होती. ही शेजारी गेलेली. फोन घरातच ठेवून मी शेडमध्ये गेलो, बोल्ट आवळायचे पाने पुसले, जागेवर लावले, पुन्हा पुसले. दिवस मावळायच्या आत बगळी फाटकात आली. मला आधी पायाखाली घरघर जाणवली आणि मग दिसली. मागचा हौदा रिकामा.

"पोचली सगळी. एकही कोमेजलं नाही," लेक म्हणाली आणि तडक आंघोळीला गेली. तिच्या बोटांना काळं लागलेलं होतं.

३१ मार्च

सवयीने सकाळी बॉनेट उघडलं आणि दिवा धरला. खूण मी ठेवली होती तिथे नाही. डिस्ट्रिब्युटर फिरवलेला आहे.

लेकीला हाक मारली. "याला हात कुणी लावला?"

"मी लावला. मोठ्या चढावर वाजायला लागलं. माल होता, ऊन होतं. वळणावर गाडी कडेला घेतली, तुमचा तेराचा पाना काढला आणि मागे घेतलं."

"न विचारता?"

"फोन केला होता, बाबा. दोनदा."

"मग कुठे थांबायचं ते कसं ठरवलंस?"

"वाजायचं थांबलं तेव्हा थांबले. पुन्हा चढवून पाहिलं. नाहीच वाजलं."

ती रोपांच्या रिकाम्या पिशव्या मोजायला गेली. मी प्लग काढला. करडा ठिपका एकही नाही. चिनीमाती बिस्किटाच्या रंगाची, जशी पुस्तकात काढतात तशी. तापमानाचा काटा वाटेत कुठे गेला होता ते लेकीच्या मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली, मधल्या खुणेच्या वर नाहीच.

मला राग यायला हवा होता. बगळीचा डिस्ट्रिब्युटर आजवर माझ्याशिवाय कुणी फिरवलेला नाही. पण मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. डोंगरावर, भर उन्हात, मी नसताना तिला ऐकू आलं, आणि ऐकू आल्यावर काय करायचं ते कळलं.

प्लग परत बसवला. टायमिंग तिने ठेवलंय तिथेच ठेवलं. बोल्ट घट्ट आहे का ते पाहिलं. होता. बॉनेट लावलं आणि दिवा पेंटरला देऊन आलो.